मॉस्कोला जाताय? त्रेत्याकोव्हला अर्धा दिवस द्याच

मॉस्कोला जाऊन आलेल्या आपल्या लोकांचे फोटो मी आवर्जून बघते. रेड स्क्वेअर असतो, मेट्रोची देखणी स्टेशनं असतात, सर्कस असते. रशियन चित्रांचं संग्रहालय असलेली त्रेत्याकोव्ह गॅलरी क्वचितच दिसते. मला याचं खरंच वाईट वाटतं. रशिया समजून घ्यायला त्या शहरात याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

ही गॅलरी झारने उभारलेली नाही. पावेल त्रेत्याकोव्ह हा कापडाच्या धंद्यातला व्यापारी. १८५६ पासून तो चित्रं घेत गेला, आणि त्यातली पुष्कळशी आपल्याच काळातल्या, हयात असलेल्या रशियन चित्रकारांची. १८९२ मध्ये सगळा संग्रह त्याने मॉस्को शहराला देऊन टाकला. आज तिथे कायम मांडलेली एकोणिसाव्या शतकातली दालनं बघताना या माणसाची छाती किती मोठी होती ते कळतं. कारण त्या भिंतींवर सत्तेने चिरडलेली माणसं जागोजागी भेटतात.

सुरिकोव्ह या चित्रकाराचं 'बोयारिन्या मोरोझोवा' हे चित्र घ्या. तीन मीटर उंच, जवळजवळ सहा मीटर रुंद. सतराव्या शतकात चर्चने क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायची असं ठरवलं. या सरदारघराण्यातल्या बाईने ते मानलं नाही. साखळदंड घालून, साध्या गवत पसरलेल्या घसरगाडीतून तिला नेताहेत, आणि तिने हात वर करून दोन बोटं दाखवलीत. डावीकडे एक पाद्री दात काढून हसतोय. माझी नजर मात्र उजव्या कोपऱ्यातच अडकली. तिथे बर्फात अनवाणी, अंगावर लक्तरं असलेला एक अवलिया बसलाय, आणि अख्ख्या गर्दीत तोच उघडपणे दोन बोटांनी तिला उत्तर देतोय. तिच्यामागे उभं राहण्याची हिंमत ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यात आहे. ती बाई पुढे कैदेत उपासमारीने गेली.

रेपिनचं इव्हान द टेरिबलचं चित्र तर प्रसिद्धच आहे: रागाच्या भरात मुलाला मारून बसलेला, आता त्याचं रक्ताळलेलं डोकं कवटाळणारा झार. १८८५ मध्ये तेव्हाचा झार तिसऱ्या अलेक्झांडरने ते लोकांना दाखवायला बंदी घातली. त्रेत्याकोव्हने ते विकत घेतलेलं होतं. काही महिन्यांनी बंदी उठली. या चित्रावर १९१३ मध्ये सुरीने आणि २०१८ मध्ये लोखंडी खांबाने हल्ला झाला.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते लेवितानचं 'व्लादिमिरका'. सैबेरियाला पाठवायचे कैदी बेड्या घालून व्लादिमिरका नावाच्या याच रस्त्याने पायी चालवत नेत. चित्रात एकही कैदी नाही. करडं आभाळ, क्षितिजापर्यंत गेलेला मातीचा रस्ता, बाजूला पावलांनी पडलेल्या पायवाटा, आणि दूर एक इवलीशी बाई. ते १८९२ चं चित्र. लेवितान ज्यू होता, आणि त्याच वर्षी ज्यूंना मॉस्कोतून बाहेर काढलं जात होतं. त्यालाही शहर सोडावं लागलं. दोन वर्षांनी त्याने हे चित्र त्रेत्याकोव्हला भेट म्हणून दिलं.

आपल्याकडे येऊन ताजमहाल रंगवणारा वेरेश्चागिनही इथे आहे. त्याने रंगवलेला कवट्यांचा ढीग 'होऊन गेलेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या सर्व महान विजेत्यांना' अर्पण केलाय. युक्रेनमधलं युद्ध चालू असताना हे चित्र मॉस्कोच्याच संग्रहात आहे, हे विसरून मला त्याच्याकडे बघता आलं नाही.

एका गोष्टीचा राग येतो. आंद्रेई रुब्लेव्हचं 'त्रिमूर्ती' (ख्रिस्ती धर्मातली 'ट्रिनिटी') हे याच गॅलरीतलं, लाकडी फळीवरचं सुमारे सहाशे वर्षांचं चित्र २०२३ मध्ये तज्ज्ञांचा विरोध डावलून चर्चला देण्यात आलं. भाविकांची श्रद्धा मला मान्य आहे. पण इतकी जुनी फळी हवामान बदललं की हलते, रंग सुटतो, आणि सुटलेला रंग परत आणता येत नाही. ते संग्रहालयातच राहायला हवं होतं.

जाणार असाल तर लाव्रुशिन्स्की गल्लीतली जुनी इमारत धरा. सोमवारी बंद असते. विसाव्या शतकातली चित्रं क्रिम्स्की वालवरच्या दुसऱ्या इमारतीत आहेत. दोन्ही एकाच दिवसात उरकू नका. आणि वेळ कमीच असेल, तर फक्त सुरिकोव्ह, रेपिन आणि लेवितानची दालनं बघा, पण निवांत बघा.