चौपट वेग नेमका कशाचा?

‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीमुळे (डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये दिसणाऱ्या आभासी जगातल्या सरावामुळे) कामगार चौपट वेगाने तयार होतो, त्याचा आत्मविश्वास २७५ टक्क्यांनी वाढतो, खर्चही कमी येतो, वैमानिकसुद्धा असेच शिकतात, मग कार्यशाळा आणि प्रत्यक्ष कामावरची शिकाऊ उमेदवारी हवीच कशाला?’ हा मजकूर सध्या मुंबईत आयटीआयच्या विद्यार्थ्यांपासून बांधकाम ठेकेदारांपर्यंत सर्वत्र फिरतो आहे. त्यातले आकडे खोटे नाहीत, पण ते भलत्याच कामाला जुंपले आहेत.

चौपट वेगाचा आकडा पीडब्ल्यूसी या सल्लागार संस्थेच्या २०२० मधील अमेरिकेतल्या अभ्यासातून आला आहे. तिथे शिकणारे नव्याने व्यवस्थापक झालेले कर्मचारी होते आणि विषय होता सर्वसमावेशक नेतृत्वाचा. वर्गात दोन तास घेणारा पाठ हेडसेट लावून २९ मिनिटांत झाला. त्यावरून वेल्डर किती दिवसांत घडेल, हे ठरवता येत नाही.

आत्मविश्वासाचे म्हणाल तर २७५ टक्क्यांचा आकडाही त्याच अहवालातला आहे, पण तिथे वर्गात शिकलेल्यांवरची सरशी ४० टक्क्यांचीच आहे. शिवाय हा आत्मविश्वास शिकणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. लोअर परळमधल्या एखाद्या टॉवरच्या परांचीवर हाताला सराव नसताना आलेला आत्मविश्वास जिवावर बेततो, आणि मला खरी काळजी याचीच आहे.

वैमानिकांचा दाखला अर्धवट आहे. त्यांचा सिम्युलेटर म्हणजे हलत्या तळावर उभारलेले हुबेहूब कॉकपिट असते, आणि त्यात उत्तीर्ण झालेला वैमानिकही प्रवासी विमानावर आधी प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखालीच उडतो. हेडसेटसोबतच्या हलक्या कंट्रोलरला ना यंत्राचे वजन, ना धग. मुंबईच्या पावसाळ्यात ओलावा धरलेल्या वेल्डिंगच्या काडीने जोडात छिद्रे पडतात. ती काडी ओळखणे, वाळवणे आणि आवाजावरून आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) बिघडल्याचे कळणे, हे फोरमनशेजारी उभे राहूनच अंगवळणी पडते.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो: त्याच अहवालानुसार वर्गाच्या खर्चाशी बरोबरी व्हायलाच ३७५ शिकणारे लागतात. आयटीआयच्या एका तुकडीत इतके विद्यार्थी नसतात.

या तंत्राचा लाभ मी नाकारत नाही. येल विद्यापीठातल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ निवासी डॉक्टरांवरील प्रयोगात आभासी सराव केलेल्यांनी पित्ताशय विलग करण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले, मात्र ती खरी शस्त्रक्रिया अनुभवी सर्जनच्या देखरेखीखालीच झाली होती. म्हणून क्रेन कलंडणे, आग लागणे, लोकलच्या २५,००० व्होल्टच्या तारेजवळचे काम, अशा प्रत्यक्षात चुकण्याची मुभाच नसलेल्या प्रसंगांचा सराव हेडसेटवर जरूर द्यावा. त्यापोटी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील प्रत्यक्ष कामाचा एकही तास कापू नये.