काका, दुसरा अटॅक?

वयाच्या 54व्या वर्षी मला एका समूहातून हाकलून देण्यात आले, आणि हाकलणारा मुलगा नववीत होता.

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा खेळ हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने 2012 साली आणला आणि बऱ्याच उशिराने पुतण्याने तो माझ्या मोबाइलवर चढवला. यात आपले गाव वसवायचे, तटबंदी उभारायची आणि दुसऱ्याचे गाव लुटायचे. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत तीन वर्षे अर्धवट उभी आहे. मोबाइलमधला बिल्डर मात्र सांगितलेल्या मिनिटाला काम संपवून पुढचे काम मागतो, हे पाहून मी त्या गावातच रमलो.

एकट्याने खेळण्यात मजा नाही म्हणून पुतण्याने मला आपल्या क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत घेतले. क्लॅनमध्ये जास्तीत जास्त 50 जण असतात. आमच्यात नाशिक-कोल्हापूरची कॉलेजची पोरे होती आणि दुबईत एसी दुरुस्त करणारा एक लीडर होता. एकमेकांना सैन्य 'डोनेट' करायचे असते, आणि कोणी किती दिले, किती घेतले, हे आहेराच्या वहीसारखे सर्वांना दिसते. खरा अधिकार मात्र को-लीडरचा, म्हणजे त्या नववीतल्या मुलाचा. त्याच्याइतका कडक साहेब मला तीस वर्षांच्या नोकरीत भेटला नाही.

वॉर म्हणजे दोन क्लॅनमधले युद्ध. त्यात लढाईचा दिवस 24 तासांचा, आणि प्रत्येकाला अटॅक दोनच. नेमक्या त्या दिवशी सौभाग्यवतींच्या मावसभावाच्या मुलीचे साताऱ्याला लग्न होते. पहिला अटॅक मी पंगतीत केला. उजवा हात जिलबीत गुंतलेला असल्यामुळे सैन्य डाव्या हाताने उतरवावे लागले, आणि पाकाचा एक थेंब स्क्रीनवर पडून बोट असे काही घसरले की माझे सगळे राक्षस एकाच कोपऱ्यात उतरून तिथल्या तोफांसमोर शिस्तीत रांगेने मेले. गाव 34 टक्के पडले, स्टार शून्य. दुसरा अटॅक करणार तोच, "अहो, निदान वधूवरांना भेटायला तरी चला," असे म्हणून मोबाइल पर्समध्ये गेला, आणि एकदा पर्समध्ये गेलेली वस्तू घरी पोचेपर्यंत बाहेर येत नाही.

आम्ही एका स्टारने हरलो. रात्री चॅटवर को-लीडरचा प्रश्न आला, "काका, दुसरा अटॅक?" मी लग्नाचे कारण सांगितले. "लग्न तुमचं होतं का?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, त्याने मला किक केले.

परत येण्यासाठी विनंती पाठवावी लागते. चौकटीत मावेल तेवढ्या मजकुरात मी लिहिले, 'महोदय, झालेल्या कसुरीबद्दल दिलगीर आहे. कृपया पुनःप्रवेश द्यावा.' तीन दिवस काहीच हालचाल नव्हती, कारण घटक चाचणीपायी साहेबांचा मोबाइल त्यांच्या आईने जप्त केला होता. चौथ्या दिवशी प्रवेश मिळाला आणि पाठोपाठ निरोप आला, "काका, मराठी भारी आहे तुमचं. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहून द्याल?"

मी दिला. ज्येष्ठ नागरिकांच्या पंक्तीत बसायला 6 वर्षे बाकी असताना क्लॅनने मला 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, हे पद दिले. निबंधाला 10 पैकी 7 गुण पडले; उरलेले 3 काकांच्या शुद्धलेखनात गेले, असे त्याने चॅटवर सर्वांसमक्ष जाहीर केले.