आधी कुठे उभे आहात ते सांगा

कुणाशी जरा मतभेद झाला की समोरून ठरलेलं वाक्य येतं, "तुझा पर्स्पेक्टिव्ह जरा वाढव." ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये तेच, फॅमिली ग्रुपवर काकाही तेच. शब्द कुठून आला ते पाहिलं तर तो वाढवायचा नाहीच मुळी!

लॅटिनमध्ये 'पेर' म्हणजे आरपार, 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. (आपलं संस्कृत 'पश्यति' याच घराण्यातलं.) मध्ययुगात 'पर्स्पेक्टिवा' म्हणजे चक्क प्रकाशशास्त्र. अकराव्या शतकातला शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमचा प्रकाशावरचा अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, तोही या नावाने ओळखला जाई.

चित्रकलेतल्या पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे लांबचं लहान काढून सपाट चित्रात खोली दाखवण्याची, खरी धमाल इटलीतल्या फ्लॉरेन्सची. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने तिथल्या बॅप्टिस्टरीचं (बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचं) चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला मसुराच्या दाण्याएवढं भोक पाडलं. समोरच्या कॅथीड्रलच्या दारात उभं राहायचं, फळीच्या पाठीमागून भोकाला एक डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात आरसा धरायचा. आरशातलं चित्र खऱ्या इमारतीशी बेमालूम जुळायचं. आकाश त्याने रंगवलंच नाही. तिथे घासून लखलखीत केलेली चांदी लावली, म्हणजे खरे ढग तिच्यात सरकताना दिसावेत. काय डोकं असेल! पुढे १४३५ मध्ये आल्बेर्ती या इटालियन विद्वानाने या सगळ्याचे नियम लिहून काढले.

पण अट बघा. एकच डोळा आणि एकच जागा. पाऊलभर सरकलात की खेळ खलास. म्हणून पर्स्पेक्टिव्हचा उपदेश करणाऱ्याने आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेकांना वाटतं, आपण वरून, ढगातून बघतोय.

आता आपल्या वारली चित्रांतला तारपा नाच घ्या, तारपा या फुंकवाद्याच्या तालावरचा. नाचणाऱ्यांचं वेटोळं वरून पाहिल्यासारखं, पण त्यातली माणसं मात्र समोरून किंवा बाजूने दिसतात. लांबचा माणूस लहान होत नाही. एका जागेवरून हे दिसणं शक्यच नाही, पण जो त्या वेटोळ्यात हातात हात धरून नाचलाय त्याला नाच असाच आठवणार. माझ्या लेखी ते चित्र ब्रुनेलेस्कीच्या फळीपेक्षा कणभरही कमी खरं नाही. तरी चित्रकलेच्या तासाला एखाद्या पोराने मैदानावरचा खेळ असा काढला, तर लाल पेनाने "पर्स्पेक्टिव्ह चुकला" लिहिणारे आहेतच. त्या मास्तरांशी वाद घालायला मी कधीही तयार आहे, चहा माझ्याकडून.