उत्तर बरोबर होतं, तरी दार उघडलं नाही

चाक दाबून धरायचं होतं. क्लिक करायचं नव्हतं, दाबून धरायचं होतं! दीडेक सेकंद. शनिवारी रात्री मी एका कॉम्प्युटर गेममधल्या ज्या पाणचक्कीत अडकून पडले होते, तिथलं महान रहस्य ते हे. एवढ्यासाठी माझी आठवड्यातली एकुलती एक मोकळी रात्र खाल्ली हा गेम बनवणाऱ्यांनी.

असले गेम खेळणाऱ्यांना खोली वेगळी सांगायला नको. बंद पडलेली पाणचक्की, भिंतीवर पाच पितळी नळ्या, प्रत्येक नळीला एक चाक, समोर कुलूपबंद दार. खाली तळघर. तळघरात छतातून थेंब टपकतात आणि प्रत्येक थेंबाचा सूर वेगळा. तो क्रम ऐकायचा, वर यायचं, त्याच क्रमाने चाकं फिरवायची. कल्पना सुंदर आहे. पहिल्यांदा तळघरात उतरले, अंधारात ते थेंब ऐकले, तेव्हा अंगावर काटा आला होता. म्हणूनच जास्त राग आहे. इतकं सुंदर काही बनवायचं आणि मग त्याची अशी माती करायची!

आधी तर क्रम ऐकूच येईना. मे महिना आहे आणि मी नागपुरात राहते. हॉलच्या खिडकीत कूलर, लोखंडी बॉडीचा, मोठ्या पंख्याचा. तो सुरू असला की दोन हातांवरचं माणूस काय बोलून राहिलं ते कळत नाही. त्यात पाचपैकी दोन सुरांत जेमतेम अर्ध्या सुराचा फरक. पडद्यावर तर काहीच वेगळं नाही. थेंबाचा आकार तोच, चमक तीच, नळीवर खूण नाही की रेघ नाही. सबटायटल सुरू केले. त्यात काय लिहून आलं? 'थेंब पडतो.' मग परत 'थेंब पडतो.' अरे, कोणता थेंब? ज्याला कमी ऐकू येतं त्याने काय करायचं? त्याच्याकडून पैसे तर पूर्ण घेतले ना? मग त्याला दार उघडायचा हक्क नाही का? १९९३ साली 'मिस्ट' नावाच्या गेममध्ये आवाजावरून दिशा ओळखत जमिनीखालच्या भुलभुलैयातून गाडी न्यायची होती, तिथेही लोक असेच रडले होते. तीस वर्षं उलटली. तीस वर्षांत यांना पडद्यावर एक छोटीशी खूण दाखवता येऊ नये?

हेडफोन लावले तर दहा मिनिटांत कान घामाने चिपचिप झाले, आणि कूलरची घरघर तरीही आत येतच होती. शेवटी कूलर बंद केला. रात्री साडेबाराला. आमच्याकडे दोन खोल्यांना मिळून एकच कूलर आहे, त्यामुळे दोन मिनिटांत आतून आईचा आवाज आला, "काहून बंद केला वं कूलर? जीव घाबरून राहिला इथं." तिला म्हटलं, पाच मिनिटं थांब. त्या पाच मिनिटांत कपाळावरचा घाम पुसत, कान स्पीकरला लावून मी क्रम लिहून घेतला. तीन, एक, पाच, दोन, चार. दोनदा पडताळला. कूलर परत लावला. वर गेले. चाकं फिरवली.

घर्रर्र.

सगळी चाकं उलटी फिरली, नळ्यांतून वाफ सुटली आणि ती नायिका मान हलवून म्हणाली, "नाही, असं नाही." हे दृश्य काही केल्या टाळता येत नाही. कोणतंही बटण दाबा, एस्केप दाबा, ती बाई पूर्ण मान हलवणार, पूर्ण वाक्य बोलणार, मगच माऊस तुमच्या हातात. त्यानंतर पुन्हा तळघर. तळघराच्या पायऱ्या ती चालत उतरते. पळायची सोय नाही. गावाला पूर आला, मागे इमारत कोसळतेय, वेळ कमी आहे असं गोष्टीत दर पाच मिनिटांनी सांगतात आणि ही बाई रमतगमत चालते.

मला वाटलं, क्रम चुकला. कोणालाही तेच वाटलं असतं. म्हणून उलट्या क्रमाने करून पाहिलं. मग वाटलं, तळघरातून पाहिलं तर नळ्यांची डावी-उजवी बाजू बदलते, तसं करून पाहिलं. थेंबांमधलं अंतर मोजलं. भिंतीवर पाच बगळ्यांचं एक चित्र टांगलंय, पाचही बगळ्यांची उंची वेगवेगळी. कोणालाही वाटेल की ही खूण आहे! बगळ्यांच्या उंचीवरून क्रम लावला. घर्रर्र. नाही, असं नाही. ते चित्र नुसतं शोभेचं होतं. पाच नळ्यांच्या खोलीत पाच बगळे शोभेला लावणाऱ्या माणसाला कोणी विचारणारं नव्हतं का तिथे?

आणि मग लाइट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे अन् दोन दिवे चालतात, कॉम्प्युटर चालत नाही. लाइट आल्यावर पाहते तर गेमने मला नदीच्या काठावर नेऊन ठेवलेलं. पाणचक्कीत नाही, काठावर. नाव शोधायची, वल्हं शोधायचं, म्हाताऱ्याशी तीच सगळी बडबड करायची आणि मग नदी ओलांडायची. हवं तिथे सेव्ह करायची सोय नाही, कारण त्यांच्या मते त्याने 'अनुभव' तुटतो. माझा अनुभव महावितरण तोडते, तुमचं सेव्हचं बटण नाही! ज्या शहरात उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तिथेही हे गेम विकले जातात, हे या लोकांच्या गावी तरी आहे का?

सकाळी भावाने पाहिलं मी कशी बसले आहे ते. "ताई, काहून एवढी चिडून राहिली? यूट्यूबवर पाहून घे नं." पाहिलं. त्या व्हिडिओवाल्यांबद्दलही एकदा बोलायचंच आहे मला. उत्तर पंधरा सेकंदांचं आणि हे महाशय आधी नमस्कार करणार, सबस्क्राइब करायला सांगणार, मग मागच्या भागात काय झालं ते सांगणार. तर, बरंच पुढे ढकलल्यावर तो पाणचक्कीत आला. क्रम लावला. तीन, एक, पाच, दोन, चार. माझाच क्रम! फक्त प्रत्येक चाकावर त्याने बटण दाबून धरलं, चाक पूर्ण फिरेपर्यंत. दार उघडलं.

म्हणजे कूलर बंद करून, घाम पुसून, मी जे उत्तर काढलं होतं ते पहिल्याच वेळी बरोबर होतं. आणि गेमने मला काय सांगितलं? नाही, असं नाही. तेच घर्रर्र, तीच मान. परीक्षेत गणित अचूक सोडवावं आणि निळ्याऐवजी काळी शाई वापरली म्हणून शून्य मिळावं, वर 'गणित चुकलं' असा शेरा मारावा, तसं झालं हे. त्या चाकापर्यंत अख्ख्या गेममध्ये एकदाही, एकाही वस्तूवर बटण दाबून धरायचं नव्हतं. दारं क्लिकने उघडतात. कप्पे क्लिकने. नावेचा दोर क्लिकने सुटतो. क्लिक केल्यावर चाक हलतंही, थोडं फिरल्यासारखं दिसतं! मग माणसाला कसं कळावं?

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी कोणाही समोर बोलायला तयार आहे. कोडं अवघड असू द्या. हवं तितकं अवघड करा, आम्ही डोकं लावायलाच बसतो. पण माझं डोकं कमी पडलं की माझा माऊस, हे मला कळलंच पाहिजे. विचार चुकला असेल तर चुकला म्हणा. विचार बरोबर आणि हात चुकला असेल तर वेगळा आवाज करा, चाक अर्ध्यावर थरथरू द्या, काहीतरी करा. दोन्हीला एकच घर्रर्र वाजवलंत तर तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. खोटं बोलणाऱ्या कोड्यावर डोकं लावण्यात काय अर्थ आहे?

ही काही माझी नवी तक्रार नाही. 'मंकी आयलंड' हा गेम बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच लिहून ठेवलंय की खेळणारा काय करू पाहतोय ते ओळखा, ते बरोबर असेल तर त्याला मदत करा, उगाच शब्दांच्या किंवा बटणांच्या खेळात अडकवू नका. १९८९! त्या वेळी मी जन्मलेही नव्हते. तरी दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, 'गॅब्रिएल नाइट ३' मध्ये मोटरसायकल भाड्याने घ्यायला मांजराच्या केसांची मिशी बनवायला लावली. भोकाला चिकटपट्टी लाव, मांजरावर पाणी उडव, ते तिथून पळालं की केस चिकटतील, ते सिरपने ओठावर चिकटव. आणि ज्याच्या नावाने गाडी घ्यायची त्या माणसाला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टच्या फोटोवर पेनाने मिशी काढ. हे कोणाच्या डोक्यात आपणहून येणार? त्याआधी १९९० च्या 'किंग्ज क्वेस्ट ५' मध्ये तर मांजर उंदराच्या मागे धावताना काही क्षणांत तिला जोडा फेकून मारला नाही, तर बऱ्याच पुढे तळघरात बांधून ठेवल्यावर दोर कुरतडायला तो उंदीर येतच नाही. खेळ तिथेच मेला. मागे कुठे चुकलं हे कोणी सांगत नाही. त्या गेमांची आठवण काढून लोक डोळे पुसतात, मला कळत नाही काहून.

आणि सरकत्या चौकोनांचं ते चित्र! प्रत्येक गेममध्ये एक असतंच. गोष्ट रंगात आली, आता कळणार खुनी कोण, की समोर पंधरा चौकोन आणि एक रिकामी जागा. त्याचा गोष्टीशी संबंध काय? तपकिरी टेबलावर तपकिरी किल्ली ठेवायची, बोटाच्या नखाएवढी, आणि त्याला कोडं म्हणायचं? पियानोवर पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून सूर वाजवा, आणि ती स्वरलिपी शिकवणारं एक पानसुद्धा गेममध्ये नाही. आम्ही सारेगम शिकलो, आमचं काय? हिंट मागितली तर 'नीट आजूबाजूला पाहा', नाहीतर थेट अख्खं उत्तर. मधलं काहीच नाही.

चांगलं करता येतं, हे माहीत आहे म्हणून संताप होतो. २०१८ चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' घ्या. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, साठ माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं हे शोधायचं. महाभयंकर अवघड. मी रात्री-रात्री वहीत नावं लिहीत बसत होते, बुटांवरून, हॅमॉकच्या, म्हणजे खलाशांच्या झोपायच्या झोळीच्या, नंबरावरून माणसं ओळखत होते. पण तीन माणसांचं बरोबर आलं की गेम ते पक्कं करून टाकतो. कळतं, इथवर बरोबर आहे, आता पुढे. एकदाही असं वाटलं नाही की मला कोणी फसवतंय. हरले तेव्हाही माझा विचारच कमी पडला होता, हे स्पष्ट कळत होतं.

यावर काही लोक लगेच येतात, 'तुम्हाला जमत नाही म्हणून रडता, हा गेम सगळ्यांसाठी नाही.' बाबांनो, मी उत्तर काढलं होतं! कूलर बंद करून काढलं होतं. जमलं होतं मला. तुमच्या लाडक्या गेमला ते ओळखता आलं नाही.

पैसे परत मागावे म्हटलं तर गेम घेतला त्या ऑनलाइन दुकानाचा नियम आहे, खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत. बहुतेक असल्या गेमचे पहिले दोन तास बघा, एकही अन्यायी कोडं नाही. सगळं सरळ, सुंदर, संगीत काय, पाऊस काय. गळ्याशी येतं ते त्यानंतर.

बनवणाऱ्यांना मेल केला. शिव्या नाही दिल्या, नीट लिहिलं. थेंबांना सबटायटलमध्ये नंबर द्या, चाक अर्धवट फिरलं तर वेगळा आवाज द्या, पाणचक्कीच्या दारात तरी एक सेव्ह ठेवा. आज सकाळी उत्तर आलं, की चाकाचं तसं मुद्दाम ठेवलं आहे, खेळणाऱ्याने ते स्वतः शोधून काढावं अशी अपेक्षा आहे.

काय शोधून काढावं? बटण किती वेळ दाबायचं ते?