प्रत्येक स्ट्रिपवर रेडिओ टॅग लावला की बनावट औषधं संपतील? मुद्द्यागणिक उत्तर

नागपुरातल्या केमिस्टांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: "औषधाच्या प्रत्येक स्ट्रिपवर, बाटलीवर रेडिओ टॅग म्हणजे आरएफआयडी सक्तीचा करा, बनावट औषधं वर्षभरात संपतील. टॅग वाजला की औषध असली. टॅगची नक्कल होत नाही. मोबाइल जवळ नेला की कुणालाही कळतं. खर्च पैशांत. अमेरिकेत केव्हाच सक्ती झालीय. फास्टॅग चालतो, मग हे का नाही?"

मागची तळमळ खोटी नाही, नागपूरकरांची तर नाहीच. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे.

"टॅग वाजला की औषध असली."

टॅगमध्ये एक नंबर असतो, रीडर नावाचं यंत्र तो रेडिओ लहरींनी वाचतं, आणि तो पाकिटाचा असतो. आतल्या पावडरीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याच भागातली दोन प्रकरणं घ्या.

पहिलं कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयाचं. तिथल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांमध्ये औषधच नाही, हे २०२३ मध्ये उघड झालं. २०२४ च्या आरोपपत्रात पोलिसांनी म्हटलं की गोळ्यांमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं आणि त्या हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या प्रयोगशाळेत बनल्या. लेबलवर नाव असलेली कंपनी अस्तित्वातच नव्हती. हा माल सरकारी खरेदीतून आला होता. खरेदीच्या अटींत टॅग असता तर पुरवठादारानं टॅग चिकटवूनच पाठवला असता. कोरे टॅग रोलवर विकत मिळतात. परवानाधारक उत्पादकांची आणि त्यांच्या प्रत्येक पाकिटाच्या नंबरची मध्यवर्ती यादी असती, तर नसलेली कंपनी पहिल्याच स्कॅनला उघडी पडली असती, हे मान्य. पण ते काम यादीनं केलं असतं, आणि त्यासाठी शाईनं छापलेला कोडही पुरतो.

दुसरं प्रकरण २०२५ चं, जास्त भयंकर. छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं किडनी निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आली, कित्येक दगावली. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाच्या तपासणीत कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. चालणारी मर्यादा ०.१ टक्का. इथे कारखाना परवानाधारक, बॅच खरी, बाटलीही असली. जगातला सर्वांत महागडा टॅग लावला असता तरी "असली" असंच उत्तर आलं असतं. हे विष पकडण्याची जागा कारखान्यातच असते: सिरपमध्ये द्रावक म्हणून घालतात त्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा प्रत्येक पिंप वापरण्याआधी आणि तयार सिरपची प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी तपासणं. निर्यातीच्या कफ सिरपला १ जून २०२३ पासून सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला लागतो. छिंदवाड्यातल्या परासियाला जाणाऱ्या सिरपला तशी अट नव्हती. राग यायचाच असेल तर यावर यावा.

"टॅगची नक्कल होत नाही."

होते. साध्या यूएचएफ टॅगमध्ये, म्हणजे लांबून वाचता येणाऱ्या टॅगमध्ये, बहुधा ९६ बिटांचा ईपीसी म्हणजे वस्तूची ओळख सांगणारा नंबर असतो आणि तो कुठलाही रीडर वाचू शकतो. वाचलेला नंबर कोऱ्या टॅगवर लिहायला हातातला रीडर-रायटर आणि काही सेकंद पुरतात. "लॉक केलाय ना" असं म्हणतात. लॉकमुळे त्या टॅगवर दुसरा नंबर लिहिता येत नाही, पण तोच नंबर दुसऱ्या टॅगवर उतरवायला लॉकची आडकाठी नसते. चिपवर कारखान्यातच कोरलेला टीआयडी नावाचा वेगळा नंबर असतो, तो बदलणं अवघड. मात्र गोदामातलं सॉफ्टवेअर सहसा ईपीसीच बघतं. गुप्त किल्ली वापरून स्वतःची ओळख पटवणारे टॅगही मिळतात; ते महाग, आणि किल्ल्या कारखान्यापासून दुकानापर्यंत सांभाळणार कोण, हा वेगळाच व्याप.

बरं, नक्कल करायची गरज तरी कुठे आहे? मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाच्या औषधांच्या रिकाम्या कुप्या जमवून त्या पुन्हा भरून विकणारी टोळी पकडली. कुपी असली, लेबल असलं, टॅग असता तर तोही असलीच. यावर उपाय रुग्णालयातच आहे: इंजेक्शन दिल्याक्षणी कुपीचा नंबर मध्यवर्ती यादीतून बाद करायचा आणि कुपी फोडून टाकायची. टॅग लावायचाच असेल तर झाकण आणि कुपी यांच्यावर आडवा, उघडताना फाटेल असा.

"मोबाइल जवळ नेला की कळतं."

मोबाइलला वाचता येतो तो १३.५६ मेगाहर्ट्झचा एनएफसी टॅग, तोही तीन-चार सेंटिमीटरवरून. गोदामात आणि टोलनाक्यावर चालतो तो यूएचएफ, भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा. नेहमीचा फोन तो वाचतच नाही.

"फास्टॅग चालतो, मग हे का नाही?"

मेसेजमधला हाच मुद्दा पटकन पटतो, म्हणून जरा सविस्तर. फास्टॅग काचेवर असतो, पत्र्यावर नाही. एका लेनमध्ये एका वेळी एकच गाडी. शिवाय टॅग वाचला गेला नाही तर नंबर प्लेट समोर दिसते.

आता गंजीपेठेतल्या दवा बाजारात आलेला खोका बघा. आत ॲल्युमिनियम फॉइलच्या स्ट्रिपा एकमेकींवर दाबून बसवलेल्या. फॉइल लहरी परतवतं, आणि टॅगचा अँटेना फॉइलला टेकला की त्याची वारंवारताच सरकते. धातूवर चालणारे टॅग असतात, पण त्यांना खाली फोमचा थर लागतो; तो दहा गोळ्यांच्या स्ट्रिपवर बसवणार कुठे? सिरपच्या बाटल्यांत उलटं होतं: पाणी यूएचएफ लहरी शोषून घेतं, खोक्याच्या मधल्या बाटल्या गप्प राहतात. समजा खोक्यात ४०० स्ट्रिपा आहेत आणि रीडरनं ९८ टक्के वाचल्या. उरलेल्या आठ चोरीला गेल्या, बनावट आहेत, की नुसत्या वाचल्या गेल्या नाहीत? हमालाला खोका उघडून हातानंच मोजावं लागणार. शेजारच्या रॅकवरचे टॅगही मध्येच वाचले जातात, तो गोंधळ निराळा.

आणि दुकानातली कात्री विसरू नका. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, दुकानदार स्ट्रिप कापतो. टॅग एका तुकड्यावर गेला, दुसरा तुकडा बेवारस. छापलेल्या कोडचंही हेच होतं. फरक एवढाच की कोड फॉइलवर ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा छापता येतो, शाईशिवाय खर्च नाही. टॅग प्रत्येक गोळीमागे लावता येत नाही.

"खर्च पैशांत" आणि "अमेरिकेत सक्ती"

टॅग रुपयांत पडतो, शिवाय तो लावणारं यंत्र आणि प्रत्येक दुकानात रीडर. दहा-वीस रुपयांच्या पॅरासिटामॉलच्या स्ट्रिपवर हा बोजा कोण उचलणार ते सांगायला नको.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००४ मध्ये आरएफआयडीचा जोरदार पुरस्कार केला होता, २००७ पर्यंत सर्वत्र वापर होईल अशी आशाही धरली होती. ऑक्सिकॉन्टिन आणि व्हायग्रा यांच्या काही पॅकवर टॅग लागलेही. पण २०१३ चा त्यांचा कायदा आला तो छापलेल्या द्विमितीय (क्यूआरसारख्या चौकोनी) कोडवर: उत्पादनाचा नंबर, पाकिटाचा स्वतंत्र अनुक्रमांक, बॅच, मुदत. युरोपातही ९ फेब्रुवारी २०१९ पासून तसाच कोड आणि सोबत छेडछाड दाखवणारं सील. तिथे फार्मासिस्ट औषध देताना कोड स्कॅन करतो आणि नंबर बाद होतो. तोच नंबर दुसऱ्या दुकानात आला की यंत्रणा ओरडते. सगळी ताकद या बाद करण्यात आहे.

टॅग कुठेच कामाचे नाहीत असं नाही. ऑपरेशन थिएटरमधला इंजेक्शनांचा ट्रे क्षणात मोजायला, मुदत संपत आलेला माल शोधायला, इन्सुलिनच्या खोक्यात २ ते ८ अंश टिकले का हे सेन्सरवाल्या टॅगनं नोंदवायला ते उत्तम. मे महिन्यात टेम्पोतून फिरणाऱ्या लसींसाठी तर आमची शिफारसच राहील.

आज हातात काय आहे

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. यादी औषध नियमांच्या अनुसूची एच-२ मध्ये. कोडमध्ये जेनेरिक आणि ब्रँड नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादन आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक मिळायला हवा. भोक इथेच आहे: प्रत्येक स्ट्रिपला वेगळा अनुक्रमांक असण्याची सक्ती नाही. म्हणजे एका असली स्ट्रिपचा कोड हजार नकली स्ट्रिपांवर छापला तरी प्रत्येक स्कॅनला "बरोबर" दिसतं. मेसेज फिरवायचाच तर अनुक्रमांक आणि विक्रीच्या वेळी तो बाद करणं, या दोन मागण्यांचा फिरवा.

तोवर बिल घ्या आणि त्यावरची बॅच व मुदत स्ट्रिपशी जुळवा. कोड स्कॅन करून आलेली बॅच छापलेल्या बॅचशी ताडून बघा. गोळ्या कापून घेतल्या तर बॅच असलेला तुकडा मागा. सरकारी भांडारपालांनी परवान्याच्या झेरॉक्सवर विसंबू नये. परवाना देणाऱ्या राज्याच्या औषध प्रशासनाकडून खातरजमा करावी आणि बॅचचा प्रयोगशाळा अहवाल आल्याशिवाय वाटप करू नये.

शंका असेल तर औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम २६ खाली कुणीही ग्राहक ठरलेलं शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. न उघडलेलं पाकीट आणि बिल जपून ठेवा. अहवालाची वाट न बघता औषध निरीक्षकालाही कळवा. तो दुकानातून त्याच बॅचचा नमुना कलम २३ नुसार घेतो आणि त्याचे चार सीलबंद भाग करतो: एक दुकानदाराला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, एक ज्याच्याकडून माल आला त्याला.