‘फोल्डर असताना सॉफ्टवेअर कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोल्डरला तारीख आणि नाव दिलं की भागतं, फोटोला टॅग (म्हणजे शोधायला सोपं जावं म्हणून जोडलेले शब्द) लावत बसणं ही हमाली, उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं की तीही पाण्यात (पुरावा: गूगलचं फोटो सॉफ्टवेअर पिकासा), आणि मराठी टॅग तर धड टिकतही नाहीत.

पिकासापासूनच सुरुवात करते, कारण दम त्याच मुद्द्यात आहे. गूगलनं 2016 मध्ये ते बंद केलं, खरंय. पण बुडालं काय ते बघा. चेहऱ्यांना दिलेली नावं पिकासा स्वतःच्या डेटाबेसमध्ये आणि प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या आयएनआय फाइलीत ठेवायचं. वेगळा पर्याय निवडल्याशिवाय ती फोटोत जायचीच नाहीत. नुसते फोटो उचलून दुसरीकडे नेले की नावं गेली. कॅप्शन मात्र जेपेगच्या, म्हणजे फोटोच्याच फाइलीच्या, पोटात लिहिली जायची आणि ती आजही दुसऱ्या प्रोग्राममध्ये वाचता येते. म्हणूनच डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या (फोटोबद्दलच्या माहितीच्या) पानावर टॅग, कॅप्शन आणि चेहरे फाइलीत लिहायच्या खुणा आधी तपासा, असं मी लेखात बजावलं होतं. तेवढं केलंत की उद्या डिजिकॅम राहो न राहो.

फोल्डर मीही करते, 2009-05-17 अशा तारखेचे. पण आत्याच्या लग्नात पंगतीत वाढणारे आजोबा ‘लग्न’मध्ये, आरती करणारे ‘गणपती’त आणि नातवाच्या मुंजीतले तिसरीकडेच. पंच्याहत्तरीसाठी कुणी त्यांचे सगळे फोटो मागितले की फोल्डरवाल्याची रात्र गेलीच म्हणून समजा. शिवाय तारखेवर तरी किती भरवसा ठेवणार? व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली कॅमेऱ्याची मूळ तारीख पुसली गेलेली असते. फाइलीच्या नावात दिसते ती तारीख फोटो पाठवल्याची. स्कॅन केलेल्या जुन्या अल्बमची तर गोष्टच सोडा, आजीच्या लग्नाला तारीख लागते स्कॅनरची! ती हातानं बदलावीच लागते.

हमालीचं म्हणाल तर सगळ्याला टॅग लावा असं मी कुठं म्हटलंय? महाबळेश्वरचे चाळीस सूर्यास्त तसेच राहू द्यात. माणसांपुरतं करा. चेहरे प्रोग्राम सुचवतो, आपण हो-नाही म्हणायचं. सख्ख्या बहिणींत तो घोळ घालतो, तिथं डोळे उघडे ठेवा.

मराठी टॅगबद्दलची तुमची तक्रार अर्धी खरी आहे. फोटोत माहिती साठवायच्या आयपीटीसी या जुन्या रचनेत एका टॅगला 64 बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रेसकट, 3 बाइट खातं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. एक्सएमपी या नव्या रचनेत ही अडचण नाही, पण काही प्रोग्राम अजून जुनंच वाचतात. त्यामुळे ‘मोठ्या काकांच्या धाकट्या मुलीचं बारसं’ हे कॅप्शनमध्ये लिहा, टॅग नुसता ‘बारसं’.