डायल-अपचे ‘सहा रामबाण उपाय’: एकेक तपासून

माळ्यावरचा विंडोज ९८ किंवा एक्सपीचा संगणक खाली काढून त्याचा मोडेम (संगणकाची माहिती आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेवरून पाठवणारं यंत्र) पुन्हा चालू करू पाहणारे आजही बरेच आहेत. त्यांच्यात एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं असं: एरर कुठलाही असो, दोष लाइनचाच, मोडेमची किरकिर बंद केली की जोडणी लवकर लागते, पोर्टचा वेग वाढवला की इंटरनेटचा वेग वाढतो, एक्सपी २० टक्के वेग स्वतःसाठी दाबून ठेवते, जोडणी मध्येच तुटते ती मोडेम तापल्यामुळे, आणि फोन फायबरवर गेला असला तरी काहीही बदलावं लागत नाही. हे सहाही सल्ले माणसाला चुकीच्या जागी शोधायला लावतात, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. डायल-अप म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेटला जोडणं, आणि त्यात एकामागून एक पाच पायऱ्या असतात. मोडेमला डायलटोन मिळतो. तो नंबर फिरवतो. पलीकडचा मोडेम फोन उचलतो आणि दोघांचं जुळतं. मग नाव आणि पासवर्ड तपासला जातो. शेवटी आपल्या संगणकाला इंटरनेटवरचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, मिळतो. गाडी कुठल्या पायरीवर अडली हे कळलं की निम्मं काम झालं, आणि ते कळायला दोन साधनं समोरच असतात: मोडेमचा आवाज आणि एररचा क्रमांक. फिरणारा मजकूर नेमकी हीच दोन फेकून द्यायला सांगतो.

‘एरर कुठलाही असो, दोष लाइनचा. तक्रार नोंदवा, नाहीतर विंडोज नव्याने टाका.’

एररचे क्रमांक उगाच दिलेले नाहीत. एक्सपीमध्ये ६८० आला तर डायलटोन मिळालेला नाही. ६७६ म्हणजे समोरचा नंबर व्यस्त. ६७८ म्हणजे नंबर फिरला, पण पलीकडून उत्तर आलं नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला. ६३३ म्हणजे मोडेम दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने धरून ठेवलाय. ७१८ म्हणजे जुळणी झाली, पण त्यापुढे सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही. ७२० म्हणजे सगळं पार पडलं, फक्त दोन्हीकडच्या प्रोटोकॉलचं, म्हणजे बोलण्याच्या नियमांचं, जमलं नाही. ६९१ आला असताना लाइनमनला बोलावणं म्हणजे त्याचाही वेळ फुकट आणि आपलाही: पासवर्ड नाकारला गेला याचा अर्थच असा की आवाज लाइनवरून व्यवस्थित गेला आणि आला.

६८० वर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आधी त्याच वायरला साधा फोन लावून टोन ऐका. टोन आहे, तरी ६८० येतो? मग वायर मोडेमच्या कुठल्या सॉकेटमध्ये आहे ते बघा. मोडेमला दोन सॉकेट असतात, एक लाइनचं आणि एक फोनचं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. भिंतीतून आलेली वायर लाइनच्या सॉकेटमध्येच हवी. तेही बरोबर असेल तर संशय टोनवर घ्या. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होतो. आपल्या एक्सचेंजचा टोन ४०० हर्ट्झचा असतो आणि त्यावर २५ हर्ट्झची थरथर असते. मोडेममध्ये देश म्हणून अमेरिका निवडलेली असली तर काही मोडेम आपला टोन टोन म्हणून ओळखतच नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये फोन अँड मोडेम ऑप्शन्स उघडा, डायलिंग रूल्समध्ये देश भारत करा. तरीही अडलं तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमधली ‘वेट फॉर डायलटोन बिफोर डायलिंग’ ही खूण काढा. मोडेमला दिलेली ‘एटीएक्स३’ ही आज्ञा हेच काम करते. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन आकडे वापरा.) कार्यालयातल्या किंवा सोसायटीच्या इंटरकॉममधून शून्य दाबून बाहेरची लाइन घ्यावी लागत असेल, तर नंबराआधी शून्य आणि स्वल्पविराम टाका. एका स्वल्पविरामाला मोडेम साधारण २ सेकंद थांबतो.

एवढं करूनही टोन नाही, तर हायपरटर्मिनल (मोडेमला थेट आज्ञा देण्याचा विंडोजमधला प्रोग्राम) उघडा, मोडेमचा कॉम पोर्ट निवडा, ‘एटी’ टाइप करून एंटर मारा. ‘ओके’ आलं म्हणजे संगणक आणि मोडेम यांचं बोलणं ठीक आहे. ‘ओके’ येतं, शेजारचा फोन त्याच वायरवर वाजतो, आणि मोडेमला मात्र टोन सापडत नाही: अशा वेळी मोडेमची लाइनकडची बाजू जळालेली असण्याचीच शक्यता जास्त. वळवाच्या विजांमध्ये हे हमखास होतं, कारण झटका विजेच्या प्लगमधून येतो तसाच टेलिफोनच्या वायरमधूनही येतो. मोडेम बदलण्यावाचून यावर इलाज नाही. ढग गडगडायला लागले की दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात, नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही.

६९१ साठी कॅप्स लॉक बघा, नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा बघा, आणि सेवा देणाऱ्याला नावापुढे ‘@’ आणि डोमेन हवं की नको ते विचारा. विंडोज ९८ मध्ये ‘रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्ड’वर खूण असेल आणि पलीकडचा सर्व्हर साधाच पासवर्ड घेत असेल, तर बरोबर पासवर्डही पुढे जात नाही. तिथेच सर्व्हर टाइप्समध्ये ‘लॉग ऑन टू नेटवर्क’ आणि नेटब्यूई, आयपीएक्स हे इतर प्रोटोकॉल यांच्या खुणा काढून फक्त इंटरनेटचा टीसीपी/आयपी ठेवा. ६३३ ला फॅक्सचा प्रोग्राम किंवा मघाशी उघडं ठेवलेलं हायपरटर्मिनल बंद करा. एक्सपीवर ७२० आला तर कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटएसएच इंट आयपी रिसेट’ आणि पुढे लॉग फाइलचं नाव देऊन संगणक पुन्हा सुरू करा. यातल्या कशासाठीही विंडोज नव्याने टाकावी लागत नाही. उलट ती टाकल्यावर मोडेमचा ड्रायव्हर हरवला, तर होतं तेही जातं. जुन्या मोडेमची सीडी आज बाजारात मिळत नाही, हे लक्षात घ्या.

आणि जोडणी लागली, घड्याळाशेजारी दोन छोटे संगणक लुकलुकतायत, पण पान उघडत नाही? कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग ८.८.८.८’ करून बघा, म्हणजे इंटरनेटवरचा एक संगणक उत्तर देतो का ते कळतं. उत्तर आलं तर डायल-अपचं काम संपलेलं आहे. नावाने पिंग केल्यावर उत्तर येत नसेल तर डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेची) सेटिंग तपासा. नावानेही येत असेल तर अडचण ब्राउझरची आहे: एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर सुरक्षित जोडणीच्या टीएलएस मानकाच्या १.० आवृत्तीपर्यंतच जातो, आणि आजच्या बहुतेक साइट १.२ च्या खाली बोलत नाहीत. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपून तारीख २००१ वर गेली असेल तर सर्टिफिकेटही नाकारलं जातं.

‘मोडेमची किरकिर निरुपयोगी. एटीएम० देऊन आवाज बंद करा, जोडणी लवकर लागते.’

आवाज बंद होतो, जोडणीला मात्र तेवढाच वेळ लागतो. स्पीकर फक्त ऐकवतो. जुळणी स्पीकरवर चालत नाही. आणि त्या २०-३० सेकंदांत जे ऐकू येतं ते फार मोलाचं आहे. आधी टोन, मग नंबराचे सूर, मग रिंग. त्यानंतर पलीकडून २१०० हर्ट्झची सरळ शिट्टी येते, आणि ती मध्येमध्ये किंचित अडखळल्यासारखी वाटते. ते अडखळणं मुद्दाम असतं: दर ४५० मिलिसेकंदांनी शिट्टीची लहर उलटी केली जाते, म्हणजे वाटेतली प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बाजूला होतात. मग दोन्ही मोडेम लाइन चाचपून बघतात, कुठल्या सुराला लाइन किती दबते ते मोजतात. शेवटी पावसाच्या सरीसारखा एकसारखा ‘श्शऽऽ’ येतो आणि स्पीकर गप्प होतो.

शिट्टीच आली नाही तर नंबर चुकलाय किंवा पलीकडे मोडेम नाही. शिट्टी आली, खरखर सुरू झाली आणि ती दोन-तीनदा पहिल्यापासून सुरू होत राहिली, तर लाइनमध्ये नको तो आवाज आहे. ‘श्शऽऽ’ संपलं आणि मग एरर आला, तर भानगड पासवर्डाची किंवा प्रोटोकॉलची. रात्री घरच्यांची झोपमोड होत असेल तर ‘एटीएल१’ने आवाज बारीक करा, पण अडचण सुटेपर्यंत पूर्ण बंद करू नका.

‘५६ केचा मोडेम ४५ दाखवतो म्हणजे सेवा देणारा चोरी करतो. पोर्टचा वेग ९,२१,६०० करा.’

सेकंदाला ५६,००० बिट हा आकडा कागदावरचा आहे. एक्सचेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक नमुन्यातले ७ बिट वापरता आले तर ५६,००० होतात. व्ही.९० हे मानक १९९८ चं, आणि त्याची अटच अशी की सेवा देणाऱ्यापासून आपल्या एक्सचेंजपर्यंत सगळं डिजिटल हवं आणि ॲनालॉग टप्पा फक्त शेवटच्या तांब्याच्या जोडीचा. शिवाय ५६,००० फक्त आपल्याकडे येणाऱ्या माहितीसाठी. आपल्याकडून जाणारी ३३,६०० च्या वर जात नाही. तांबं जितकं लांब आणि जोड जितके जास्त, तितका आकडा उतरतो, आणि तो १,३३३ च्या पायऱ्यांनी उतरतो. म्हणून ४५,३३३ किंवा ४९,३३३ असे विचित्र आकडे दिसतात. ते चोरीचे नाहीत, लाइनच्या लांबीचे आणि दर्जाचे आहेत. एकाच तारेवर दोन-चार गिऱ्हाइकं चालवणारं यंत्र एक्सचेंजने मध्ये बसवलं असेल तर आवाजाचं रूपांतर वाटेत आणखी एकदा होतं आणि व्ही.९० लागतच नाही. मग ३३,६०० किंवा त्याहून कमीवर समाधान मानावं लागतं.

पोर्टचा वेग ही निराळीच गोष्ट. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग आहे, मोडेम आणि टेलिफोन लाइन यांच्यामधला नव्हे. साध्या सीरियल पोर्टची कमाल मुळात १,१५,२०० आहे, त्यामुळे बाहेरच्या मोडेमला ९,२१,६०० देताच येत नाही. आतल्या पीसीआय मोडेमवर तो आकडा यादीत दिसतो, पण त्याने लाइन बदलत नाही. विंडोज कधीकधी ‘१,१५,२०० वर जोडले’ असं दाखवते, आणि त्यावरूनच हा गैरसमज पसरला असावा. तो पोर्टचाच आकडा. अनेक मोडेमवर, विशेषतः रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपच्या, एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये ‘डब्ल्यू२’ टाकलं की लाइनचा खरा वेग दिसतो.

पोर्टचा वेग खरोखर आड येतो तो एकाच ठिकाणी: फार जुन्या संगणकाला बाहेरचा मोडेम लावला तर. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, डायग्नॉस्टिक्स, मग मोअर इन्फो बघा. तिथे पोर्टच्या चिपचं नाव १६५५० असेल तर उत्तम, त्या चिपला १६ बाइटची साठवण आहे. ८२५० किंवा १६४५० असेल तर साठवण एकाच बाइटची, आणि प्रोसेसरला उचलायला जरा उशीर झाला की बाइट सांडतात. अशा वेळी पोर्टचा वेग वाढवायचा नाही, ३८,४०० किंवा १९,२०० पर्यंत उतरवायचा.

‘एक्सपी २० टक्के वेग दाबून ठेवते.’

नाही. क्यूओएसची (वेगाची वाटणी करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची) ती मर्यादा तेव्हाच लागू होते जेव्हा एखादा प्रोग्राम मुद्दाम राखीव वाटा मागतो. तसा मागणारा कुणी नसेल तर पूर्ण वेग सगळ्यांना मिळतो, आणि मायक्रोसॉफ्टने हे तेव्हाच स्पष्ट केलं होतं. सेटिंग शून्य करून काही बिघडत नाही, काही वाढतही नाही.

‘मध्येच तुटते म्हणजे मोडेम तापतो. पंखा लावा.’

मोडेम कोमट लागणं नेहमीचं आहे. तुटण्याची कारणं दुसरीकडे असतात, आणि ती या क्रमाने बघावीत. घरात पॅरलल फोन आहे का? स्वयंपाकघरातला रिसीव्हर कुणी उचलला की जोडणी गेली. सगळे पॅरलल फोन काढून एक दिवस बघा. मग कॉल वेटिंग: मध्येच येणारा ‘बीप’ मोडेमला लाइन गेल्यासारखा वाटतो. विंडोज त्यासाठी ‘*७०’ सुचवते, पण तो अमेरिकेतला कोड आहे. आपल्याकडे तो आधी फिरवला तर सगळा नंबरच चुकतो. आपल्या एक्सचेंजचा कोड विचारून सुविधा बंद करा. शिवाय एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये ‘एस१०=५०’ टाका. लाइन किती वेळ गप्प राहिली की फोन ठेवायचा ते यात सेकंदाच्या दहाव्या भागात सांगतात; मूळ आकडा बहुधा १४ असतो, म्हणजे १.४ सेकंद. ५० केलं की ५ सेकंद वाट बघितली जाते. बरोबर २० मिनिटं काही न केल्यावर तुटत असेल तर विंडोजमधलीच ‘आयडल’ची मुदत बघा.

राहिली लाइन, आणि इथे मात्र ती खरोखर दोषी असू शकते. साध्या फोनचा रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा. टोन थांबतो आणि काही सेकंद शांतता मिळते. त्या शांततेत घूंऽऽ ऐकू आलं तर वायर विजेच्या वायरीला चिकटून गेलीय. कडकड ऐकू आली तर कुठेतरी जोड सैल किंवा ओला आहे. भिंतीवरचं रोझेट, म्हणजे फोनची वायर जोडायची डबी, उघडा. स्क्रूखालच्या तांब्यावर हिरवा कळंक चढलेला असेल तर तेवढं टोक कापून टाका, एक सेंटिमीटर नवं तांबं सोला आणि स्क्रू घट्ट आवळा. हे करताना रिसीव्हर उचलून ठेवलेला असावा. नाहीतर रिंग आली तर बोटाला सणसणीत झटका बसतो. आषाढ-श्रावणात रोज संध्याकाळी वेग उतरतो आणि ऊन पडलं की सुधारतो, असं दिसलं तर पाणी डीपी बॉक्समध्ये (घराघरांच्या तारा जिथून वाटल्या जातात त्या पेटीत) किंवा तिथून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरच्या जोडात शिरलंय. लाइनमनला नुसतं ‘नेट चालत नाही’ न सांगता ‘एक आकडा दाबल्यावर कडकड येते’ असं सांगा. ते त्याला मोजता येतं.

‘फोन फायबरवर गेला तरी सगळं तसंच चालतं.’

फायबरच्या डब्यामागे जो फोन लागतो, त्यातला आवाज छोटे तुकडे करून पाठवला जातो, बहुधा २० मिलिसेकंदांचे. बोलताना एखादा तुकडा हरवला तर कळतही नाही. मोडेमची मात्र जुळणी मोडते आणि तो पहिल्यापासून सुरू करतो. डब्यात जी.७२९ सारखं, आवाजाची माहिती आक्रसून पाठवणारं कोडेक (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) चालू असेल तर काहीच लागणार नाही, कारण ते माणसाच्या आवाजासाठी बनवलंय. जी.७११ ए-लॉ हवं, शांततेत पाठवणं थांबवणारी सुविधा बंद हवी, आणि जिटर बफर (मागेपुढे पोचणारे तुकडे थोडा वेळ थांबवणारी साठवण) बदलता न ठेवता ठरावीक हवा. इंटरनेटवरून फोन चालवणाऱ्या एकाच अडॅप्टरच्या दोन फोन पोर्टवर दोन मोडेम लावून, एका बाजूला लिनक्सवर फोन उचलणारा एमगेट्टी आणि जोडणी सांभाळणारा पीपीपीडी हे प्रोग्राम चालवून घरातल्या घरात डायल-अप उभं करणाऱ्यांनाही हेच लागू. दोन्ही टोकं ॲनालॉग असल्याने तिथे ३३,६०० च्या वर जाताच येत नाही.

अशा लाइनवर रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपच्या मोडेमला आधी ‘एटी+एमएस=व्ही३२बी’ देऊन १४,४०० वर चालवून बघा. अर्धा तास न तुटता टिकलं, तर ‘एटी+एमएस=व्ही३४’ द्या.